तबेल्यातली चावरी माशी की गोमाशी: घोड्यासाठी आधी बंदोबस्त कुणाचा?

पैसा तबेल्याच्या सफाईवर लावायचा की सापळ्यांवर, हे घोड्याला कोणती माशी चावतेय यावर ठरतं.

स्टोमॉक्सिस, म्हणजे तबेल्यातली चावरी माशी, घरमाशीएवढीच असते, पण तिची सोंड पुढे रोखलेली दिसते. नर-मादी दोघंही रक्त पितात, बहुतेकदा पायांचं. घोडा सारखे पाय आपटत असेल तर आधी हिच्यावर संशय घ्यावा. लीद-मूत मुरलेल्या कुजक्या गवतात ती वाढते आणि उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. खाली अंथरलेलं ओलं गवत आठवड्यातून दोनदा तळापर्यंत काढलं की तिची पैदास मोडते. ते तसंच ठेवून नुसती फवारणी करणं म्हणजे पैसे वाया.

गोमाशीला (टॅबॅनस) ही सफाई लागू पडत नाही. तिच्या अळ्या तळ्याकाठच्या चिखलात महिनोन्महिने वाढतात. रक्त फक्त मादी पिते, तेही कातडी कापून. दंश असा झोंबतो की घोडा तिला झटकतो आणि ती अर्धपोटी शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाचं ओलं रक्त तिथे पोचतं. सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग मुख्यतः असाच पसरतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी त्याचा परजीवी तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथे शोधला. येणारा-जाणारा ताप, पोटाखाली सूज, खाऊनही खंगणं ही लक्षणं. उपचाराविना घोडा बहुधा दगावतो. शेजारच्या म्हशी वरून धडधाकट दिसत असल्या तरी त्यांच्या रक्तात हा परजीवी असू शकतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या पायांच्या केसांवर पिवळी अंडी दिसली तर ती बॉट माशीची. ती चावत नाही. घोड्याने चाटलेल्या अंड्यांतल्या अळ्या जठरात चिकटतात. तिथे डॉक्टरांनी ठरवलेली आयव्हरमेक्टिनची मात्राच हवी. चिलटं संध्याकाळी येतात, आयाळ-शेपटीला खाज सुटते. पंखा लावला तरी बराच फरक पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. त्रास चावऱ्या माशीचा जास्त दिसतो, जीव गोमाशीमुळे जातो. एकटाच घोडा, आसपास जनावरं नाहीत, तर सफाई पुरे. पाणथळ जागा किंवा म्हशींचा गोठा जवळ असेल तर भर उन्हात घोडा सावलीच्या, अंधाऱ्या पागेत ठेवा. गोमाशी आत यायला नाखूश असते. सापळा त्यानंतर. आणि सारंगखेड्याच्या बाजारातून नवा घोडा आणलात तर तो आधी इतरांपासून दूर बांधून रक्त तपासून घ्या. पहिल्या तपासणीत काही सापडलं नाही, पण ताप येत राहिला, तर पुन्हा तपासा.