२०२४ मधले माझे लाडके गेम, आणि पहिला नंबर ॲनिमल वेललाच का

वर्षातला सगळ्यात चांगला गेम कुठला आणि आपला लाडका कुठला, हे दोन प्रश्न मी आता वेगळेच धरते. २०२४ मध्ये तर हे फारच जाणवलं. ॲस्ट्रो बॉटला द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं, इतका घासूनपुसून केलेला गेम वर्षभरात दुसरा नाही. पण माझा पहिला नंबर ॲनिमल वेल. कारण त्या गेमने मला कुठे जायचं, काय करायचं हे कधी सांगितलंच नाही, आणि मी शोधीन यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

सुरुवातीला एका फुलातून छोटासा गोळा बाहेर येतो, तो म्हणजे तुम्ही. भोवती अंधार, पाण्याचा आवाज, लांब कुठेतरी एखादा प्राणी हलतोय. संवाद नाही, गोष्ट सांगणारं कोणी नाही, तलवार-बंदूक तर नाहीच नाही. हाताला लागतात ती सगळी खेळण्यातली वाटावीत अशी सामानं, फटाके, यो-यो, फ्रिस्बी, साबणाचे फुगे करायची कांडी. फटाका लावला की भुतं मागे सरतात, हे पटकन कळतं. पण फुग्याचं बघा. फुगा फुंकायचा आणि त्यावरून उडी मारायची एवढंच मला कितीतरी वेळ वाटत होतं, मग एकदा हवेत असताना चुकून बटण दाबलं गेलं आणि खाली दुसरा फुगा तयार झाला, त्यावरून परत उडी, परत फुगा, म्हणजे वेळ साधली तर नुसतं वर वर चढत जाता येतं! ही सोय कांडी मिळाल्यापासून माझ्याकडे होती. ज्या उंच कपारी मी सोडून आले होते त्या सगळ्या आठवल्या आणि त्या रात्री झोप गेली ती गेलीच.

मग बासरी मिळते. तिचे सूर आठ दिशांनी वाजवायचे, एकेका दिशेचा एकेक सूर, आणि कुठले सूर वाजवायचे ते गेममध्येच भिंतींवर, कोपऱ्यात लपवलेलं. मी वही काढली आणि सूर बाणांनी लिहून ठेवायला लागले. आज त्या वहीची अकरा पानं बाणांनी भरलीयेत आणि ते सगळे बाण माझे मी शोधलेले आहेत, गेमने दाखवलेला एकही नाही.

हे सगळं बिली बासो या एका माणसाने जवळपास सात वर्षं बसून केलंय, स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, लिहून, आणि अख्खा गेम ४० एमबीपेक्षा कमी. शेवटच्या थरातली काही कोडी मात्र एकट्याने सुटणारी नाहीतच, एका सशाच्या कोड्यात तर चित्राचे ५० तुकडे वेगवेगळ्या खेळाडूंकडे वाटलेले असतात आणि ते सगळ्यांनी मिळून जोडायचे. कल्पना भन्नाट आहे, पण मला तिथे जरा लांब पडल्यासारखं वाटलं.

दुसरा नंबर बलात्रो. हाही एकाच माणसाने केलेला, लोकलथंक या नावाने तो काम करतो. पत्त्यांचा गेम आहे, पोकरचे हात, पण खरा पैसा कुठेच लागत नाही आणि पोकर येत नसलं तरी चालतं. हाताचे गुण गुणिले पट, एवढाच हिशोब. साधी राजांची जोडी घ्या, जोडीचे १० आणि दोन राजांचे २० असे ३०, पट २, झाले ६०. या हिशोबाचे नियम बदलणारी खास पानं म्हणजे जोकर. आता फोटोग्राफ नावाचा जोकर आहे, पहिलं चित्राचं पान मोजलं की पट दुप्पट. आणि हँगिंग चॅड हा जोकर पहिलं पान आणखी दोनदा मोजायला लावतो. दोघं एकत्र आले की पहिला राजा तीनदा मोजला जातो, गुण ५०, पट १६, आणि तीच राजांची जोडी ८०० गुण देते! असे एकूण १५० जोकर. पहिल्या फेरीला ३०० गुण लागतात म्हणजे काय ते समजा. मी याच जोडगोळीवर सातव्या टप्प्यापर्यंत मस्त आले आणि समोर बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा सगळ्यात अवघड सामना, आला द प्लँट, जो राजा-राणी-गुलाम सगळे निकामी करतो. संपलं. वाईट वाटलं, पण चूक माझीच होती, बॉस कोण येणार हे आधी दिसत असतं आणि गेममधल्या दुकानातून मी एकही वेगळा जोकर घेतला नव्हता. एवढा स्वच्छ हरवणारा गेम मला फार आवडतो.

प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन तिसरा. जानेवारीत आला आणि वर्षअखेरीस लोक विसरून गेले याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यातली एकच गोष्ट सांगते, कुठे अडलात तर तिथला स्क्रीनशॉट थेट मॅपवर चिकटवता येतो, मग नवी शक्ती मिळाली की मॅप उघडायचा आणि बघायचं, हां, हा दरवाजा आता उघडेल. नवी शक्ती घेऊन मागच्या बंद वाटांकडे परत यायला लावणाऱ्या प्रत्येक गेममध्ये हे असायला हवं. ज्या टीमने हे केलं ती पुढे वेगवेगळ्या प्रोजेक्टवर विभागली गेली, त्यामुळे दुसरा भाग येईल अशी आशा मी धरलेली नाही.

ॲस्ट्रो बॉट चौथा. वाळूवर, लोखंडावर, पाण्यात पाऊल पडलं की कंट्रोलरमध्ये प्रत्येकाची थरथर वेगळी, आणि उंदराएवढं लहान व्हायची ती लेव्हल तर मी चार वेळा खेळले. आनंद आहे नुसता, पण त्यात मी कधी हरवले नाही, म्हणून चौथा.

शॅडो ऑफ द एर्डट्री, म्हणजे एल्डन रिंग या गेमला नंतर जोडलेला जादा भाग, यादीत घेतलं नाही. आवडलं खूप, पण आत जायलाच मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस आधी हरवावे लागतात, मग तो वेगळा गेम कसा धरायचा? मेटाफर: रेफँटाझिओ अर्धा झालाय, अर्ध्यावर मत देणार नाही.

आणि युएफओ ५०, हा कुठल्या नंबरवर बसवायचा तेच कळेना. एक काल्पनिक कंपनी, तिने १९८२ ते १९८९ मध्ये काढलेले म्हणून दाखवलेले ५० गेम, आणि सगळे खरोखर खेळण्यासारखे पूर्ण गेम. त्यातला मॉर्टॉल बघाच. तुमच्याकडे वीस जीव, आणि पुढची वाट करायला जीवच खर्च करायचे, एक जण दगड होतो, दुसरा त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जातो. मी पहिल्याच खड्ड्यापाशी सहा जण घालवले आणि मग पुढे प्रत्येक दगडावर पाय ठेवताना जपून ठेवत होते. पन्नासपैकी बारा झालेत माझे, उरलेले होईपर्यंत त्याला नंबर देत नाही.

ॲनिमल वेलमध्ये ६४ अंडी लपवलेली आहेत, माझी ५९ झाली. उरलेली पाच कुठे आहेत हे मला कृपा करून कुणी सांगू नका.