पहिला रुपया कोणी घालायचा? रोहयो, पेसा निधी, पोकरा आणि सौर पंप यांची तुलना

पाऊस लांबतो, मग एकदम कोसळतो आणि फेब्रुवारी सरली की विहीर तळ दाखवते. अशा आदिवासी पाड्याला किंवा दलित वस्तीला माती-पाणी अडवण्याची कामे हवी असतात, आणि त्यासाठी सरकारी पैसा आहेसुद्धा. अडचण निवडीची आहे. अर्ज भरून देणारी, तालुक्याला हेलपाटे घालणारी माणसे दोन-चारच. त्यांची ताकद कुठे लावायची? बहुतेक जण आधी अनुदान किती टक्के ते विचारतात. मला वाटते, त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: पहिला रुपया कोणाच्या खिशातून जातो, आणि कागदावर कोणाचे नाव लागते?

पोकरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचे डोळे तिकडेच असतात. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हवामान बदलासाठीच आखलेला. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर तो सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत: सगळा मराठवाडा, सगळा विदर्भ, शिवाय जळगाव आणि नाशिक. म्हणजे पालघर, नंदुरबार, धुळ्यातल्या पाड्यांनी यात वेळ घालवू नये. बाकीच्यांनीही आपले गाव निवडलेल्या यादीत आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक) आधी पाहून घ्यावे.

पोकरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. वैयक्तिक लाभात ठिबक, फळबाग, शेडनेट येते. पहिल्या टप्प्यात दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला बऱ्याच बाबींवर ७५ टक्के अनुदान होते. ऐकायला उत्तमच. पण क्रम बघा: नोंदणी, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, मग मोका तपासणी आणि जिओ टॅग केलेला फोटो, मग बिले, आणि शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे. समजा ठिबकचा खर्च १ लाख आहे. शेतकऱ्याने ते पैसे महिना ३ टक्क्यांनी उचलले आणि अनुदान सहा महिन्यांनी आले, तर व्याजच १८ हजार होते. स्वतःचा २५ हजारांचा वाटा ४३ हजारांवर जातो. ज्याच्याकडे लाख रुपये पडून आहेत त्याला ७५ टक्के मिळतात. ज्याच्याकडे नाहीत त्याच्या पदरात ५७ टक्केच पडतात. एकाच गावात बागायतदाराचे शेडनेट उभे राहते आणि कोरडवाहूवाल्याचा अर्ज पूर्वसंमतीवरच संपतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

दुसरा भाग सामुदायिक मृद व जलसंधारणाचा. त्यात शेतकऱ्याला आपला पैसा घालावा लागत नाही, आणि माझ्या मते वंचित वस्तीने पोकरात जोर लावायचा तो इथेच. मात्र बांध आणि नालाबंदिस्ती कुठल्या शिवारात होणार, हे गावच्या आराखड्यात ठरते. आराखडा तयार होताना वस्तीतली माणसे, विशेषतः बायका, शिवारफेरीत नसतील तर पाणी वरच्याच वावरांत थांबते.

रोहयोत, म्हणजे रोजगार हमी योजनेत, हिशेब उलटा आहे. इथे सातबारा नसला तरी चालतो, पहिला रुपया सरकारचा, आणि मजुरी मजुराच्या खात्यात. समतल चर, शेततळी, गाळ काढणे, वृक्षलागवड ही हवामानाला तोंड देणारीच कामे. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून रोजगाराची हमी दिली, देशाचा कायदा २००५चा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, राज्याचा वाटा ४० टक्के आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभाही आहे. ही मुभा भूमिहीनांना महागात पडेल अशी मला खरी काळजी वाटते. दुसरीकडे, पाणी आणि हवामानाच्या आपत्तींपासून बचावाची कामे त्यात ठळकपणे घेतली आहेत, त्याचा फायदा घेतलाच पाहिजे.

रोहयोची खरी लढाई पोचपावतीची असते. काम मागणीचा अर्ज दिला की तारखेसह पोच घ्यायचीच. १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क मिळतो, आणि हे दिवस पोचेच्या तारखेवरूनच मोजता येतात. ‘यादी देऊन ठेवा, बघू’ असे तोंडी उत्तर घेऊन आलेल्या पन्नास मजुरांकडे दाखवायला काहीच नसते. पाच जणांकडे तारखेचा कागद असेल तर पंचायत समितीत बोलता येते. मजुरी उशिरा येते हे खरे, आणि हातावर पोट असणाऱ्याला तो उशीर फार जड जातो. तरीही मजुराला कर्जात उतरून साहित्य विकत घ्यावे लागत नाही, हा फरक मोठा आहे.

पेसा म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. त्याच्या नावाच्या निधीची रक्कम लहान, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. राज्याने २०१५ साली आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अबंध म्हणून थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना द्यायचे ठरवले. ही क्षेत्रे १३ जिल्ह्यांत आहेत. निधी लोकसंख्येप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे छोट्या पाड्याच्या वाट्याला थोडाच येतो. पण तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि वनहक्क-पेसाची अंमलबजावणी, जलसंधारण, वनीकरण हे सारे त्यात बसते. त्यातून धरण बांधायला जाऊ नका. वनक्षेत्राची मोजणी, नकाशा, कामांचा आराखडा यासाठी तो वापरा, कारण या तयारीसाठी दुसरीकडून सहसा सहज पैसे मिळत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे बांबूविक्रीचे पैसे ग्रामसभेच्या हाती आले ते त्या हक्काच्या जोरावर.

सौर पंपाबद्दल थोडक्यात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात, इतरांना १० टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. पहिला रुपया छोटा, ही मोठी जमेची बाजू. पण सातबारा हवा आणि पाण्याचा खात्रीचा स्रोत हवा. ज्या विहिरीला मार्चमध्ये पाणी नसते तिच्यावर पंप बसवून काय साधणार? आधी चर-बांध, मग पंप.

तेव्हा अनुसूचित क्षेत्रातला पाडा असेल तर मी पेसा निधीतून आराखडा करून घेईन, त्यातली कामे रोहयोच्या शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, चढवीन आणि गाव यादीत असेल तर पोकराचे सामुदायिक काम जोडून घेईन. वैयक्तिक ठिबक सर्वांत शेवटी, तेही बचत गटाने किंवा बँकेने मधल्या काळाचे पैसे दिले तरच.

मराठवाड्यातली दलित वस्ती पिढ्यानपिढ्या गायरान कसत असेल तर वाट अवघड आहे. बहुतेक ठिकाणी पेसा नाही. जमीन नावावर नाही, म्हणून सौर पंप नाही आणि पोकराचे शेतीवरचे लाभही नाहीत. पहिल्या टप्प्यात भूमिहीनांसाठी शेळीपालन होते, तसे काही सुरू आहे का ते जरूर विचारा. हक्काने मागता येते ते रोहयोचे काम. त्यातही वेळ साधावी लागते. पावसाळ्यातच ऊसतोडीच्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली गेली की दिवाळीत निघालेल्या कामावर जायला वस्तीत माणूस उरत नाही. म्हणून कामांची नावे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच ठरावात घालून घ्या, ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्क्यासह मागा आणि मजुरांचे मागणी अर्ज घरोघरी जाऊन भरून ठेवा.