प्रॉमिथियसचं टूल एआय एजंटला समजावून सांगताना: सात महिन्यांचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी आमच्या टीमने प्रॉमिथियसला, म्हणजे सेवांचे आकडे सतत गोळा करून ठेवणाऱ्या मॉनिटरिंग प्रणालीला, एआय एजंट जोडला. मध्ये एक छोटा एमसीपी सर्व्हर आहे, एजंटला बाहेरची टूल्स वापरू देणारा दुवा. अलर्ट वाजला की एजंट आधी मेट्रिक (मोजून ठेवलेले आकडे) बघतो, काय दिसलं ते चॅनेलवर टाकतो आणि मग ऑन-कॉलवरचा, म्हणजे त्या वेळी अडचणी बघायची पाळी असलेला, माणूस लॅपटॉप उघडतो. टूलचा कोड दोन दिवसांत झाला. पण ते टूल कसं वापरायचं हे एजंटला सांगणाऱ्या मजकुरावर मी अजून हात फिरवते आहे, म्हणून इथे मुख्यतः त्या मजकुराबद्दलच लिहिते.

सुरुवातीला वर्णन एका ओळीचं होतं: 'प्रॉमिथियसवर क्वेरी चालवते.' आम्हाला ते पुरेसं वाटलं, कारण मेट्रिकची नावं, कुठली सेवा कुठल्या लेबलखाली येते, हे सगळं आमच्या डोक्यात होतं. एजंटची पाटी मात्र दर वेळी कोरी असते.

दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फटका बसला. रात्री अलर्ट आला, एजंटने लिहिलं, 'गेल्या तासाभरात एकही एरर नाही.' मी विश्वास ठेवला आणि थांबले. वीस मिनिटांनी सपोर्टचा फोन आला, पेमेंट अडकत होती. नंतर एजंटची क्वेरी उघडून बघितली तर त्याने मेट्रिकचं नाव अंदाजाने घातलं होतं. आमच्याकडे त्या नावाचं काहीच नाही. आणि नसलेल्या नावाची क्वेरी केली की प्रॉमिथियस चूक दाखवत नाही. स्टेटस 'सक्सेस' येतं आणि निकालाची यादी रिकामी. एजंटने त्या रिकाम्या यादीचा अर्थ शून्य एरर असा लावला. आम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

त्या रात्रीनंतर वर्णनात हा परिच्छेद आला आणि तो आजही सगळ्यात वर आहे: 'निकाल रिकामा आला तर तो शून्य समजू नये. आधी नावं शोधायच्या टूलने मेट्रिक खरंच आहे का ते बघावं, मग लेबलचं मूल्य, मग त्या टार्गेटचं अप हे मेट्रिक. तिन्ही ठीक असलं तरी नोंद सापडली नाही इतकंच लिहावं. एरर नाही असं लिहू नये.' (टार्गेट म्हणजे जिथून आकडे गोळा होतात ती जागा; तिथून आकडे येत आहेत की नाही हे 'अप' सांगतं.) त्या चार वाक्यांनी जो फरक पडला, तो मॉडेल बदलूनही पडला नव्हता.

नावांचा घोळ वेगळ्या वाटेनेही येतो. मशीनचे आकडे प्रॉमिथियसला देणाऱ्या नोड एक्सपोर्टर या प्रोग्रामने 2018 मध्ये, 0.16 आवृत्तीत, बरीच नावं बदलली. नोड_सीपीयू होतं त्याचं नोड_सीपीयू_सेकंड्स_टोटल झालं. जुनी नावं इंटरनेटवरच्या लेखांत अजून आहेत आणि एजंट तीच घेऊन येतो. म्हणून आता नियम आहे: आठवणीतलं नाव वापरायचं नाही, आधी शोधायचं.

वेळेचंही तसंच. आपण 'रात्री अडीचला काय झालं' विचारतो, प्रॉमिथियसच्या हिशेबात ते आदल्या दिवशीचे 21:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). हे उदाहरण जसंच्या तसं वर्णनात घातलं आणि तक्रार संपली. एका क्वेरीत एका सिरीजला (आकड्यांच्या एका मालिकेला) 11,000 बिंदूंची मर्यादा आहे, ती मात्र त्रासाची ठरली नाही. आठवडाभराचा डेटा 15 सेकंदांच्या पावलाने, म्हणजे दर 15 सेकंदांना एक बिंदू असा, मागितला तर 40,320 बिंदू होतात, क्वेरी नाकारली जाते, पण कारण स्पष्ट लिहून येतं. एजंट स्वतःच पाऊल 60 सेकंदांवर नेतो आणि काम होतं. चूक सांगणारा संदेश नीट असेल तिथे वर्णनात काही लिहावं लागत नाही.

मध्यंतरी मी उलट टोकाला गेले. सगळं लिहून काढलं, दोन पानं झाली. तेव्हा एजंट रिकाम्या निकालाचा नियमच विसरायला लागला. निम्म्याहून जास्त मजकूर काढला आणि जी माहिती मेट्रिकची होती ती मेट्रिकपाशीच नेली. प्रत्येक मेट्रिकबरोबर 'हेल्प'ची एक ओळ असते, ती मेटाडेटातून एजंटला मिळते. आमच्या सेवांमध्ये तिथे 'रिक्वेस्टची संख्या' असलं काहीतरी लिहिलेलं होतं. आता एकक काय, रीट्राय (पुन्हा केलेले प्रयत्न) धरले आहेत का, आकडा कधी वाढतो, हे तिथे आहे. त्या ओळी दुरुस्त करायला तीन आठवडे गेले, कंटाळवाणं काम होतं, पण नव्याने आलेली मुलंही आता मला न विचारता डॅशबोर्ड बांधतात. याचा मला फार आनंद आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पी-99 म्हणजे 99 टक्के रिक्वेस्ट जितक्या वेळात पूर्ण होतात तो आकडा. प्रत्येक पॉडचा, म्हणजे सेवेच्या प्रत्येक चालू प्रतीचा, पी-99 काढून एजंट त्यांची सरासरी घेतो. तो आकडा निरर्थक असतो. आधी बकेटचे (किती रिक्वेस्ट किती वेळाच्या आत झाल्या त्या गटांचे) रेट, गटाची मर्यादा सांगणारं 'एलई' लेबल राखून, एकत्र करायचे, मग त्यांवरून पी-99 काढणारं हिस्टोग्राम_क्वांटाइल हे फंक्शन लावायचं. नियम लिहिलेला आहे, तरी अधूनमधून चूक होते. या सोमवारी नियमाच्या जागी चुकीची आणि बरोबर अशा दोन क्वेरी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. माझी पुढची ऑन-कॉल पाळी गुरुवारी आहे, तेव्हा एजंटची प्रत्येक पी-99ची क्वेरी उघडून बघणार आहे.