सहा स्क्रूंचा लॅपटॉप: जुन्या थिंकपॅडसोबत आठ महिने

आधीचा लॅपटॉप वहीसारखा पातळ होता, आणि मला त्याचंच कौतुक. तीन वर्षांत बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, रॅम, म्हणजे मेमरी, बोर्डालाच सोल्डर केलेली. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या खर्चात अर्धा नवा लॅपटॉप आला असता. मग ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून १९ हजारांना लेनोवोचा सेकंडहँड थिंकपॅड टी४८० उचलला. २०१८ चं मॉडेल. बायको म्हणाली, "ही वीट कुठून आणलीस?"

वीटच आहे. ठाणे-दादर उभ्याने केलं की खांद्याला कळतं.

८ जीबी रॅमवर एक्सेलच्या मोठ्या फायली रखडायला लागल्या, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आणखी ८ जीबी आणली आणि घरीच बसवली. मी अकाउंट्सवाला माणूस, स्क्रू ड्रायव्हरशी संबंध फक्त पंख्यापुरता. पण दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट आहे, कुठला भाग कसा काढायचा ते चित्रांसकट. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद करायची, मग खालचे सहा स्क्रू. ते सैल होतात पण पडत नाहीत, झाकणातच लटकून राहतात. घरात रांगतं पोर असलेल्याला याची किंमत विचारा! झाकणाच्या खटक्यांत मात्र मी नख घातलं आणि एक मोडला. जुनं एटीएम कार्ड वापरा.

खरी मजा बॅटरीची. एक आत, एक मागे बाहेरून लागणारी. शुक्रवारी आमच्या घोडबंदर रोडला लाईट गेली की बाहेरची संपलेली काढून दुसरी लावतो. तेवढ्या वेळात आतलीवर मशीन चालू राहतं, उघडी फाईलसुद्धा हलत नाही. जादा बॅटरी घेताना मात्र फसलो. स्वस्तातली डुप्लिकेट मिळाली, तासभरही टिकत नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यावी लागणार आहे. आपल्याकडे कधी, देव जाणे.

मला मिळालेल्या पीसचा स्क्रीन मंद आहे, बाल्कनीत उन्हात बसलं की अंदाजाने टाईप करायचं. बदलायचाय, पण आळस.

दिवाळीत कीबोर्डवर चहा सांडला. बराचसा खालच्या भोकांतून टेबलावर आला, तरी दोन बटणं चिकटलीच. कीबोर्ड नवा मागवला. झाकण काढून खालून दोन स्क्रू, मग कीबोर्ड सरकवून उचलायचा. दोन रिबन केबल बसवताना बायकोने टॉर्च धरला आणि सगळं बघून घेतलं.

परवा तिने स्वतःचा नवा लॅपटॉप उलटा करून बघितला. एकही स्क्रू दिसेना. बऱ्याच वेळाने सापडले, चिकटवलेल्या रबरी पायांखाली.