कासचं फुलांच्या फोटोग्राफीचं वर्कशॉप: पैसे वसूल, पण...

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर हे वर्कशॉप केलं. वाइड लेन्सने जांभळा गालिचा सगळेच काढतात हो, पण इथे सरांनी सीतेची आसवं या इवल्या जांभळ्या फुलांसमोर वाटेवरच पालथं झोपवलं, कॅमेरा बीन बॅगवर, एफ 4 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, मागचं सगळं धूसर, वारा जरा थांबला की पटापट क्लिक, शटर स्पीड 1/500 सेकंदाच्या खाली येऊ द्यायचं नाही. ऊन आलं की पांढरी छत्री फुलावर धरायची, झाला ऊन मऊ करणारा डिफ्युझर! फुलांत पाय टाकू दिला नाही कुणाला, हे बेस्ट. लँडस्केप मात्र उरकलं, धुकं आलं म्हणून पोलरायझर फिल्टर बॅगेतच, अहो ओल्या पानांची चमक मारायला तोच तर लागतो! अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची पोकळ नळी) चालते. शनिवार-रविवार नको, तुफान गर्दी.