आयडाहोचा लाव्हा की ॲरिझोनाची राख?

अमेरिकेत ज्वालामुखी पाहायला जायचं आणि हाताशी एकच सुट्टी असेल, तर माझं मत आयडाहोच्या क्रेटर्स ऑफ द मूनला. सुमारे 1,600 चौरस किलोमीटर काळा कातळ! इथे एकच एक डोंगर फुटला नाही. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि 15,000 ते 2,000 वर्षांपूर्वीच्या काळात आठ टप्प्यांत लाव्हा वाहिला. वाकून पाहिलं तर सायीसारखी सुरकुतलेली, दोरखंडासारखी पिळलेली साल दिसते. दख्खनच्या कातळावरही असे पीळ सापडतात, पण ते साडेसहा कोटी वर्षांचे, झिजलेले. इथले अजून हाताला कापतात. वरून थिजलेल्या लाव्ह्याच्या पोटातून उरलेला रस वाहून गेला आणि गुहा राहिल्या. आत जायला परवाना लागतो, वटवाघळांना रोग लागू नये म्हणून.

ॲरिझोनात फ्लॅगस्टाफभोवती सुमारे 600 ज्वालामुखी विखुरलेत. त्यातला सनसेट क्रेटर सर्वांत तरुण, जेमतेम हजार वर्षांचा. राखेचा सुबक शंकू, माथ्यावर तांबूस झाक. पण वर चढायला 1970च्या दशकापासून बंदी. पावलांनी भुसभुशीत उताराला चर पडले होते. आयडाहोत इन्फर्नो कोनवर मात्र खुशाल चढा.

चंद्रवीरांनी सराव दोन्हीकडे केला. फ्लॅगस्टाफजवळ तर सुरुंग लावून चंद्रावरच्यासारखे खड्डे मुद्दाम पाडले होते. नावात चंद्र असलेल्या जागेला बहुधा तेवढी गरज पडली नसावी.