ड्राफ्ट बिअरच्या चिलरमध्ये ३,१८,५०० रुपये बुडाले, परमिट रूमवाल्यांनी वाचा

"फॅक्टरी रेटनं" ग्लायकॉल चिलर (न गोठणारं ग्लायकॉल-पाणी थंड करून बिअरच्या नळ्यांशेजारून फिरवणारं यंत्र) बसवून देणारे सध्या संभाजीनगर, जालना, लातूर करत फिरायलेत. आमचा हिशेब असा: चिलर १,८५,०००, ट्रंक लाइन (बिअरच्या नि ग्लायकॉलच्या नळ्यांचा कव्हरात गुंडाळलेला जुडगा) ४५ फूट, फुटाला १,९०० प्रमाणे ८५,५००, ग्लायकॉल ४० लिटर १८,०००, फिटिंग ३०,०००. एकूण ३,१८,५००. त्यातला शेवटचा हप्ता "भाच्याच्या खात्यावर टाका". टाकला.

ट्रंक छतात चढवायच्या आधी तिचं कापलेलं तोंड समोर होतं. ४ नळांना बिअरच्या ४ आणि ग्लायकॉलच्या २, जाणारी नि येणारी, अशा ६ नळ्या लागतात. तिथं ५ होत्या. मोजायला दहा सेकंद! परतीची नळी फिटिंगवाल्यानं बाहेरून, उघडीच, किचनच्या फॉल्स सीलिंगवरून नेली. "परत येणाऱ्याला कशाला कव्हर, साहेब? त्याचं काम झालंय की." पटलं. अहो, ती नळी ट्रंकमध्ये असली तर बिअरला थंड करत परतते; उघडी असली तर भट्टीची उष्णता ओढून टाकीत आणून ओतते.

ट्रायल घेतलीच नाही असं कुणी म्हणू नका. घेतली. पण जानेवारीत, रात्री ९ ला. ग्लासात ३ अंश आले, मग शंका कशी येणार? एप्रिलमध्ये बाहेर ४१ झालं आणि नळाला १० अंशांची बिअर, अर्धा ग्लास फेस. चिलरच्या डिस्प्लेवर मात्र उणे २ च, कारण सेन्सर चिलरच्या आतल्या गार कॉइललाच चिकटवलेला. ट्रायल दुपारी ३ ला, उन्हाळ्यात घ्या आणि थर्मामीटर नळातून काढलेल्या दुसऱ्या ग्लासात बुडवा. जाणाऱ्या-येणाऱ्या ग्लायकॉलमध्ये ३ अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर पैसे अडवा.

फेस येतो म्हणून गॅसचं प्रेशर उतरवू नका. गरम लाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड आधीच सुटत असतो, प्रेशर उतरवलं की आणखी सुटतो.

खरा संताप ग्लायकॉलचा. कॅनच्या बुडाशी गाडीच्या कूलंटचं अर्धं फाटलेलं लेबल निघालं. म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, विष! एखादी नळी झिरपली असती तर? फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकॉलच हवं, सीलबंद, एक भागाला दोन भाग पाणी. आणि पाणी आरओचं. आपल्या बोअरचं घातलं तर क्षार धरतात.

ठाण्यात गेलो तर, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." ४२० जाऊन आता न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, हेही आम्हीच सांगायचं! तीन चकरांनंतर अर्जावर नुसता शिक्का. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तर पुन्हा ठाण्यात जा. ग्राहक आयोगाकडे जावं तर वकील म्हणतात, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, २०१९ च्या कायद्यात तुम्ही 'ग्राहक'च नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो हे सिद्ध करा. चार वेटर ठेवलेत हा गुन्हा झाला! कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर फुकट तपासता येतो, तो आम्ही नंतर तपासला. रद्द झालेला.

कंप्रेसर उघडला तर नव्या नावाच्या प्लेटखाली जुन्या वॉटर कूलरची प्लेट. भंगारवाला ४,२०० म्हणतोय.